समुद्रतळाची माती किती घट्ट? एका आकड्याचा माग आणि लाउरिट्स ब्येरुम

माझ्या कोडमध्ये एक ओळ होती. एका व्हेरिएबलची डीफॉल्ट किंमत: १५. ओळ लिहिली, टेस्ट हिरव्या झाल्या, मी चहा प्यायला खाली गेलो. विषय संपला असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी युरोपातल्या क्लायंटकडून मेल आला. प्रोजेक्ट होता समुद्रात उभ्या राहणाऱ्या पवनचक्क्यांचा. पवनचक्की उभारायच्या आधी तिच्या पायाखालची, म्हणजे समुद्रतळाची माती तपासावी लागते. जहाजावरून एक उपकरण तळाशी सोडतात, ते एक पोलादी शंकू मातीत खुपसत नेतं आणि जाता जाता सेन्सरचे आकडे नोंदवत राहतं. त्या फायली वाचायच्या आणि प्रत्येक खोलीला मातीची ताकद किती याचा आलेख काढायचा, हे आमच्या मॉड्यूलचं काम. मेल पाठवणाऱ्या बाई तिकडच्या जिओटेक्निकल इंजिनिअर होत्या. त्यांनी फार काही लिहिलं नव्हतं. हा १५ कुठून आणला, एवढंच विचारलं होतं.

मला उत्तर माहीत नव्हतं. मी तो एका जुन्या एक्सेल शीटमधून उचलला होता, आणि ती शीट बनवणारा कधीच कंपनी सोडून गेला होता.

लाज वाटायचं आणखी एक कारण होतं. माझी डिग्री सिव्हिलची. कॅम्पसला आयटी कंपन्या आल्या आणि आमचा अर्धा वर्ग तिकडे वळला, त्यातला मी एक. तिसऱ्या वर्षाला सॉइल मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये व्हेन शिअर टेस्ट होती. चार पात्यांची छोटी फुली मातीत घुसवायची, हळूहळू फिरवायची आणि माती किती जोर लावल्यावर हार मानते ते पाहायचं. आमच्या बॅचने ती केलीच नाही. सिनियरच्या जर्नलमधली रीडिंग्ज थोडी इकडची तिकडे करून छापली आणि सही घेतली. पुस्तकात त्या टेस्टच्या खाली एक उतरती रेषा होती आणि तिच्याजवळ एक नाव: ब्येरुम. ते मी पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. आता १५ चा माग काढता काढता मी पुन्हा त्याच नावापाशी येऊन पोचलो.

शंकू ताकद मोजतच नाही

आधी थोडं टेक्निकल बोलू, म्हणजे पुढची गोष्ट कळेल.

तुमच्या फोनमध्ये पावलं मोजणारं ॲप असतं. पण फोनमधला सेन्सर पावलं मोजत नाही. तो फक्त हादरे मोजतो. किती हादऱ्यांना एक पाऊल म्हणायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं. म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यावर रिक्षात बसूनही कधी कधी शे-दोनशे पावलं जमा होतात.

समुद्रतळात जाणाऱ्या शंकूचंही तसंच आहे. त्याच्या टोकाचा कोन ६० अंशांचा, आडवा छेद साधारण १० चौरस सेंटीमीटरचा, आणि तो सेकंदाला २ सेंटीमीटर या ठरलेल्या वेगाने आत जातो. टोकाला माती किती विरोध करते, बाजूने किती घर्षण होतं, आणि टोकामागे मातीतल्या पाण्याचा दाब किती वाढतो, या तीन गोष्टी तो मोजतो. मातीची ताकद यातली एकही नाही.

इंजिनिअरला हवी असते शिअर स्ट्रेंथ. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवा आणि वरून आडवा ढकला. पत्ते एकमेकांवरून सरकतात. जड इमारतीखाली, धरणाच्या उतारात किंवा पवनचक्कीच्या पायाखाली माती हार मानते ती बहुतेक वेळा अशीच, एक थर दुसऱ्यावरून घसरून. त्या घसरण्याला माती जो कमाल विरोध करते ती तिची शिअर स्ट्रेंथ. ती किलोपास्कलमध्ये सांगतात. गणपतीसाठी मळलेल्या शाडूसारखी, बोटांनी सहज दाबून आकार देता येईल अशी माती असेल तर २० ते ४० किलोपास्कल धरा.

शंकूच्या आकड्यावरून ही ताकद काढायची रीत ऐकायला अगदी सोपी. टोकावरचा विरोध घ्या, पाण्याच्या दाबाची दुरुस्ती करा, वरच्या मातीचा आणि पाण्याचा भार वजा करा, आणि जे उरेल त्याला एका गुणांकाने भागा. त्या गुणांकाला एनकेटी म्हणतात. माझा १५ म्हणजे हाच.

आता गंमत बघा. समजा वजाबाकी करून ४५० किलोपास्कल उरले. १५ ने भागलं तर ताकद ३०. १२ ने भागलं तर साडेसदतीस. १८ ने भागलं तर २५. सेन्सर तोच, फाइल तीच, आणि उत्तरात दीडपट फरक. ज्यावर पोलादी खांब किती खोल ठोकायचा हे ठरणार, तो आकडा माझ्या एका ओळीवर लटकलेला.

मग मी शोधत बसलो. एक धागा १९८१ मध्ये टॉम लुने आणि त्यांच्या सहलेखकाने छापलेल्या कामापर्यंत गेला. लुने ओस्लोच्या नॉर्वेजियन जिओटेक्निकल इन्स्टिट्यूटमधले. ज्या समुद्री चिकणमातीवर आजच्यापेक्षा जास्त भार पूर्वी कधीच आलेला नाही, तिच्यासाठी हा गुणांक त्यांना ११ ते १९ च्या दरम्यान मिळाला होता. सरासरी १५. तेव्हा पाण्याच्या दाबाची दुरुस्ती आजच्यासारखी सर्रास होत नव्हती, म्हणजे त्यांचा गुणांक आणि माझा एनकेटी तंतोतंत एकच नाही. तरीही आकडा हाच. आणि खरी ताकद म्हणून त्यांनी शंकूशी ताडून पाहिली होती ती होती जागेवर केलेल्या व्हेन टेस्टची.

म्हणजे ज्या टेस्टची रीडिंग्ज मी छापली होती, तिच्याच खांद्यावर माझा १५ बसलेला होता. आणि व्हेन टेस्टचा आकडा तरी खरा का, हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर सोडला नाही ते लाउरिट्स ब्येरुम त्याच ओस्लोच्या संस्थेचे पहिले संचालक.

डेन्मार्क, झुरिक, ओस्लो

ब्येरुम यांचा जन्म ऑगस्ट १९१८ मधला, डेन्मार्कचा. कोपनहेगनच्या तंत्रविद्यापीठातून १९४१ मध्ये ते सिव्हिल इंजिनिअर झाले. देश तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. युद्धानंतर ते स्वित्झर्लंडला झुरिकला गेले आणि तिथल्या विख्यात तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट केली. विषय होता मातीची शिअर स्ट्रेंथ, तत्त्व आणि प्रयोग दोन्ही अंगांनी. पुढची वीस वर्षं हा विषय त्यांनी सोडला नाही. फक्त प्रयोगशाळेतून तो मैदानात आणि शेवटी समुद्रात नेला.

१९५१ मध्ये नॉर्वेने त्यांना बोलावलं. ओस्लोत मातीचा अभ्यास करणारं एक छोटं कार्यालय सुरू होत होतं, त्याचे प्रमुख म्हणून. वय तेहतिशीच्या आसपास. १९५३ मध्ये त्या कार्यालयाची संस्था झाली आणि ब्येरुम शेवटपर्यंत तिचे संचालक राहिले.

नॉर्वेला असा माणूस हवा होता याला कारण होतं. तिथली माती माणसं गिळते, आणि हे मी अलंकारिक बोलत नाहीये. मे १८९३ मध्ये वेर्दाल नावाच्या दरीत रात्रीतून जमीन वितळल्यासारखी वाहून गेली. ११६ माणसं गेली. अगदी अलीकडे, डिसेंबर २०२० मध्ये, ओस्लोजवळच्या येरद्रुममध्ये घरांची घरं खड्ड्यात गेली आणि दहा जण मेले. त्याचे ड्रोनने घेतलेले व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिले असतील.

या मातीला क्विक क्ले म्हणतात, आणि तिची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. हिमयुगात नॉर्वेवर बर्फाचा प्रचंड थर होता. त्याच्या वजनाने जमीन खाली दबलेली. बर्फ वितळला तेव्हा किनाऱ्यालगतचा भाग समुद्राखाली गेला आणि नद्यांनी आणलेला बारीक गाळ खाऱ्या पाण्यात बसत गेला. मीठ असलं की चिकणमातीचे कण सपाट थरांत न बसता पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून उभे राहतात आणि मधल्या पोकळ्यांत पाणी भरून राहतं. पुढे वजन गेल्यामुळे जमीन हळूहळू वर उचलली गेली. कालचा समुद्रतळ आज शेत झाला, त्यावर गावं वसली. हजारो वर्षं पावसाचं आणि भूजलाचं गोडं पाणी मातीतून झिरपलं आणि मीठ धुऊन गेलं. बंगला उभा आहे, पण त्याला धरून ठेवणारं मीठ नाही. अशा मातीचा ठोकळा टेबलावर ठेवला तर छान उभा राहतो, वर वजनही पेलतो. तोच ठोकळा भांड्यात घालून ढवळला की पातळ पिठल्यासारखा ओतता येतो. त्यात चिमूटभर मीठ घालून ढवळलं की पुन्हा घट्ट होतो!

मीठ धुऊन जाण्याचं रसायन उलगडण्यात रोझेनक्विस्ट या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाचा वाटा मोठा होता. ब्येरुम यांनी १९५४ मध्ये नॉर्वेच्या समुद्री चिकणमातीच्या गुणधर्मांवर जो निबंध लिहिला त्यात हा भूगर्भाचा इतिहास आणि इंजिनिअरला लागणारे आकडे एकत्र आले. मला त्यांच्या कामात हेच आवडतं. मातीचा नमुना हातात आला की ती किती घट्ट आहे याच्याबरोबर ती इथवर कशी आली हेही ते शोधायचे.

पुढच्या गोष्टीसाठी एक लक्षात ठेवा: नॉर्वेच्या जमिनीवर ब्येरुम ज्या मातीशी झुंजत होते ती मुळात समुद्रतळाचीच माती होती. फक्त पाणी उतरलेलं होतं.

फुली फिरवली, पण किती वेगाने?

अशी नाजूक माती तपासायची कशी? नळीत भरून वर काढली की हादऱ्यानेच बिघडते. म्हणून जागेवरच मोजायचं. स्वीडनमध्ये कॅडलिंग यांनी १९५० च्या सुमाराला व्हेनचं उपकरण नीट बसवलं होतं. ब्येरुम आणि त्यांचे सहकारी आंद्रेसेन यांनी ते नॉर्वेत रुळवलं आणि त्यावर १९५० च्या दशकात लिहिलंही. चार पाती, उंची रुंदीच्या दुप्पट. जमिनीत खोल दाबून अगदी हळू फिरवायची. काही मिनिटांत माती हार मानते आणि त्या क्षणाच्या पिळावरून ताकद निघते. मग पाती भराभर फिरवून मातीचा लगदा करायचा आणि पुन्हा मोजायचं. पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यात जितकं मोठं अंतर तितकी माती दगाबाज.

संस्थेची कामाची पद्धत सॉफ्टवेअरवाल्याला ओळखीची वाटेल. हिशेब करून डिझाइन द्यायचं, पण तिथेच थांबायचं नाही. बांधकामात मापनयंत्रं बसवायची आणि खरं काय घडतंय ते बघत राहायचं. आम्ही प्रॉडक्शनमध्ये लॉग लावतो ना, तसंच. ओस्लोच्या भुयारी रेल्वेसाठी चिकणमातीत खोल चर खणले गेले तेव्हा त्यांना टेकू देणाऱ्या आडव्या पोलादी तुळयांवर किती जोर येतो हे संस्थेच्या लोकांनी मोजून ठेवलं. असे खड्डे तळातून कधी फुगून वर येतील याचा हिशेब ब्येरुम यांनी ऐदे या सहकाऱ्याबरोबर १९५६ मध्ये मांडला. लंडनच्या स्केम्प्टन यांच्याबरोबर १९५७ मध्ये इमारती किती खचतील हे काढायची पद्धत दिली. ती आजही पुस्तकांत या दोघांच्या जोडनावाने आहे.

या शास्त्राचे जनक मानले जाणारे कार्ल तेरझागी त्यांच्याहून पस्तीस वर्षांनी मोठे. दोघांचं चांगलं जमलं. १९६० मध्ये तेरझागींच्या निवडक लेखांचं पुस्तक निघालं त्याच्या चार संपादकांत ब्येरुम होते. तेरझागींची कागदपत्रं आज ओस्लोत, ब्येरुम यांच्या संस्थेत जपलेली आहेत. १९६५ ते १९६९ या काळात ब्येरुम मृदा-अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष होते. मानसन्मानांची यादी पुढेही आहे, पण ती सोडून देतो, कारण खरी गोष्ट पुढे आहे.

१९६६ मध्ये लांडवा यांच्याबरोबर त्यांनी एका वेगळ्या टेस्टवर निबंध लिहिला. मातीच्या जाड बिस्किटासारख्या नमुन्याचा तळ धरून ठेवायचा आणि वरची बाजू आडवी सरकवायची, आपल्या पत्त्यांच्या कॅटसारखी. याला सिम्पल शिअर म्हणतात. तोवर बहुतेकांचा भर नमुना वरून दाबून तोडण्यावर होता. तीच माती वरून दाबली तर एक ताकद दाखवते, आडवी सरकवली तर कमी, आणि बाजूने दाबून उचलली तर आणखी कमी. आणि खऱ्या घसरणीत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी, घसरपट्टीच्या वेगवेगळ्या भागांत चालू असतात. मग मातीची ताकद नावाचा एकच आकडा उरतो कुठे?

पुढच्या वर्षी लंडनमध्ये दिलेल्या मानाच्या रँकिन व्याख्यानात ते द्रामेन गावातल्या इमारतींबद्दल बोलले. मऊ मातीवरच्या त्या इमारती वर्षानुवर्षं थोड्या थोड्या खचतच होत्या. भार वाढत नव्हता, तरी माती सावकाश दबत होती. म्हणजे ताकदीच्या हिशेबात दिशेबरोबर वेळही आली.

हे दोन धागे १९७२ मध्ये जुळले. मऊ मातीवर रस्त्याचे किंवा बंधाऱ्याचे भराव घातले जातात. वेगवेगळ्या देशांत, फ्रान्समध्ये, इंग्लंडमध्ये, थायलंडमध्ये असे भराव कोसळले होते. काही तर मुद्दाम कोसळेपर्यंत उंच केले होते. बँकॉकच्या मऊ मातीवर ओस्लोच्या लोकांनीच असे चाचणी-भराव अभ्यासले होते. ब्येरुम यांनी ही सगळी प्रकरणं एकत्र केली आणि प्रत्येकात व्हेनची ताकद घालून उलटा हिशेब केला. भराव कोसळला त्या क्षणी सुरक्षेचा गुणांक बरोबर १ यायला हवा, कारण त्याच क्षणी माती हरली. पण बँकॉकला तो दीडच्या आसपास येत होता. म्हणजे कागदावर दीडपट सुरक्षित असलेला भराव डोळ्यांसमोर आडवा झाला होता!

उपकरण बिघडलेलं नव्हतं. ते विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देत होतं. प्रश्न चुकीचा होता. व्हेन मातीला काही मिनिटांत तोडते, भराव तिला आठवडेच्या आठवडे छळतो. चिकणमातीला सावकाश ताण दिला तर ती लवकर हार मानते. ढोबळ हिशेबात वेळ दहापट वाढली की ताकद दहा टक्क्यांच्या आसपास घसरते, आणि माती जितकी जास्त चिकट, तितका हा परिणाम मोठा. शिवाय पाती माती कापतात ती मुख्यतः उभ्या पृष्ठावर, भराव घसरतो तो कमानीसारख्या वाटेवर.

ब्येरुम यांनी सगळी प्रकरणं मातीच्या प्लॅस्टिसिटी इंडेक्ससमोर मांडली. माती किती पाणी मुरवून मऊ, आकार देता येण्याजोगी राहते याचा हा निर्देशांक. त्या ठिपक्यांतून त्यांनी एक रेषा काढली. निर्देशांक २० च्या आसपास असेल तर व्हेनचा आकडा जवळजवळ तसाच घ्या. ५० असेल तर ०.८ ने गुणा. १०० च्या जवळ गेलात तर ०.६ च्या थोडं वर. माझ्या पुस्तकातली उतरती रेषा ती हीच.

खरं सांगायचं तर ही रेषा काही सुबक नाही. ठिपके तिच्या दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी विखुरलेले आहेत. थिअरीतून ती निघालेली नाही, कोसळलेल्या भरावांतून निघाली आहे. १९८६ मध्ये त्यांच्याच संस्थेतल्या लोकांनी ती बदलून वेगळ्या पद्धतीने मांडली. पण तोवर जगभरच्या इंजिनिअरांना एक सवय लागली होती: उपकरणाचा आकडा आला की तो कशाशी ताडून पाहिला आहे हे आधी विचारायचं.

उत्तर समुद्र

याच काळात नॉर्वेचं नशीब फिरलं. डिसेंबर १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्क इथे तेल सापडल्याची बातमी आली. पाण्याची खोली सुमारे ७० मीटर, वादळात वीस मीटरहून उंच लाटा. तिथे दहा लाख बॅरल तेल साठवणारी काँक्रीटची अवाढव्य टाकी समुद्रतळावर नुसती ठेवायची ठरली. खाली खांब ठोकायचे नाहीत, स्वतःच्या वजनानेच ती जागेवर राहणार.

जमिनीवरचा भराव एकदाच भार टाकतो. लाट मात्र टाकीला इकडून तिकडे ढकलते, सोडते, पुन्हा ढकलते, एका वादळात हजारो वेळा. प्रत्येक धक्क्याला मातीतल्या पाण्याचा दाब थोडा वाढतो आणि मातीची पकड थोडी सैल होते. शिवाय इथला तळ नॉर्वेच्या शेतांसारखा मऊ नव्हता. एकोफिस्कला वर घट्ट वाळू होती आणि खाली चिकणमातीचे थर. व्हेन आणि भरावांतून शिकलेलं सगळं इथे पुन्हा तपासून घ्यावं लागणार होतं. ब्येरुम यांनी उत्तर समुद्रातल्या पायांच्या प्रश्नांवर मोठा निबंध लिहायला घेतला.

तो निबंध १९७३ मध्ये छापून आला. मऊ मातीवरच्या बांधकामांचा त्यांचा आढावाही त्याच वर्षी मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला गेला. दोन्ही पाहायला ते नव्हते. २७ फेब्रुवारी १९७३ रोजी लंडनमध्ये त्यांचा अचानक मृत्यू झाला. वय ५४. चार-पाच महिन्यांनी, त्या उन्हाळ्यात, एकोफिस्कची टाकी तळावर टेकली. तिच्या पायाच्या हालचाली संस्थेच्या लोकांनी मोजत ठेवल्या, त्यांच्या पद्धतीप्रमाणेच. पायाखालच्या मातीने टाकीला दगा दिला नाही. पुढे संकट आलं ते वेगळ्याच बाजूने. तीन किलोमीटर खालून तेल उपसल्यामुळे सगळा समुद्रतळच खचत गेला, आणि १९८७ मध्ये शेजारचे प्लॅटफॉर्म जॅक लावून ६ मीटर उचलावे लागले.

शंकूची टेस्ट ब्येरुम यांनी शोधलेली नाही, हेही सांगायला हवं. ती नेदरलँड्समध्ये १९३० च्या दशकात सुरू झाली. पण डुलणाऱ्या जहाजावरून पाती अलगद फिरवत बसण्यापेक्षा तळावर चौकट ठेवून शंकू दाबणं सोयीचं आणि वेगाचं, म्हणून समुद्रात शंकूच पुढे गेला. त्याला भाषा मात्र शिकवावी लागली, आणि ती शिकवणी बऱ्याच प्रमाणात ओस्लोच्या संस्थेत झाली. १९७६ पासून शंकू आणि व्हेन यांची तुलना छापून येऊ लागली, मग १९८१ चा तो ११ ते १९. पुढे चांगले, न बिघडलेले नमुने काढून प्रयोगशाळेतल्या तिन्ही प्रकारच्या टेस्टशी तुलना झाली. तेव्हा दिसलं की कुठल्या टेस्टशी ताडता यावर एनकेटी बदलतो. वरून दाबण्याच्या टेस्टशी ताडलं तर एक, सिम्पल शिअरशी ताडलं तर दुसरा, मोठा. नॉर्वेच्या ट्रोल क्षेत्रात १९९५ मध्ये ३०० मीटर पाण्यात मऊ चिकणमातीवर प्लॅटफॉर्म उभा राहिला, तोवर हे सगळं रुळलेलं होतं.

आपल्याकडचं सांगायचं तर नवी मुंबई आणि न्हावाशेवाच्या खाडीकाठीही मऊ समुद्री चिकणमाती आहे. मुंबई हायच्या तळाला तर शंख-शिंपल्यांच्या चुन्याची कार्बोनेट माती सापडते, तिचं वागणं आणखी निराळं. स्कँडिनेव्हियातून आलेला १५ तिथे डोळे झाकून चालेल असं मानायला काहीच आधार नाही.

मी त्या बाईंना खरं ते लिहिलं. आकडा एक्सेलमधून आला, एक्सेलमध्ये कुठून आला ते कळलं नाही, पण माग काढला तर तो बहुधा व्हेनशी ताडलेल्या मऊ समुद्री मातीच्या सरासरीपर्यंत जातो. त्यांनी ओरडा केला नाही. त्या जागेच्या प्रयोगशाळेतल्या टेस्ट पाठवल्या, दोन प्रकारच्या. ताडून पाहिलं तर वरच्या थराला १५ जवळपास चालत होता. खालच्या थराला १८ लागत होता, म्हणजे तिथे आमचा आलेख मातीला होती त्याहून घट्ट दाखवत होता.

आता त्या फंक्शनला डीफॉल्ट नाही. एनकेटी थरागणिक द्यावा लागतो, आणि त्याच्याबरोबर एक दुसरी चौकटही भरावी लागते: हा आकडा कुठल्या टेस्टशी ताडलेला आहे. चौकट रिकामी ठेवली तर आलेख येत नाही, लाल एरर येते. टीममधल्या एका नव्या मुलाने मागच्या महिन्यात तक्रार केली की ही एरर फार त्रास देते, काढून टाकूया का. मी त्याला खाली चहाला घेऊन गेलो आणि वेर्दालपासून सुरुवात केली.